स्पास्कीचं गेलं काय? १९७२ च्या सहाव्या डावाची गोष्ट

२३ जुलै १९७२ ला आइसलँडची राजधानी रेक्याविक इथे जागतिक अजिंक्यपदाच्या लढतीचा सहावा डाव झाला. पांढरी मोहरी अमेरिकेच्या बॉबी फिशरकडे होती आणि काळी सोव्हिएत संघाच्या बोरिस स्पास्कीकडे. ४१ व्या चालीला फिशरने वजीर एफ४ वर ठेवला आणि स्पास्कीने डाव सोडला.

आता त्या क्षणाचा पट मांडा आणि मोहरी मोजा. आपला नेहमीचा हिशेब असा: वजीर ९, हत्ती ५, उंट आणि घोडा प्रत्येकी ३, प्यादं १. फिशरकडे वजीर, एक हत्ती, एक उंट आणि पाच प्यादी, म्हणजे २२. स्पास्कीकडे वजीर, दोन हत्ती आणि चार प्यादी, म्हणजे २३. हरलेल्याकडे एक गुण जास्त आहे!

बेळगावच्या वडगाव, शहापूर, अनगोळ भागातली जी पोरं माझ्याकडे रविवारी पट घेऊन बसतात, त्यांच्यापुढे ही शेवटची स्थिती मांडली की कुणीतरी विचारतंच, "हरलाय कशापायी पण? सगळं हाय की त्याच्याकडं!" प्रश्न अगदी नेमका आहे आणि हा सगळा लेख त्याचंच उत्तर आहे. मुलांच्या मोबाइलमधला संगणक सांगतो की पांढरा जिंकतोय, पण का जिंकतोय ते सांगत नाही. ते समजून घ्यायला या डावाइतका स्वच्छ डाव मला दुसरा माहीत नाही.

आपल्या सीमाभागात बुद्धिबळ खेळणारे दोन तऱ्हेचे लोक भेटतात. एक ही शाळकरी पोरं, जी घरांची नावं इंग्रजी अक्षरांनी घडाघडा म्हणतात. दुसरे खानापूर, निपाणीकडच्या खेड्यांतले जुने खेळाडू. त्यांचा हात देशी पद्धतीवर बसलेला असतो. देशी डावात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जातं, कॅसलिंग नसतं, त्याऐवजी राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. त्यांच्यासाठी दोनच गोष्टी सांगून पुढे जातो. इथे प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं, आणि राजा हत्तीकडे दोन घरं सरकून आणि हत्तीला आपल्या पलीकडे घेऊन एका कोपऱ्याच्या आसऱ्याला जाऊ शकतो. घरांची नावं सोपी आहेत. पांढऱ्याच्या डाव्या हातापासून उभ्या पट्ट्या ए ते एच, आणि पांढऱ्याच्या बाजूने आडव्या रांगा १ ते ८. म्हणजे पांढरा राजा सुरुवातीला ई१ वर आणि काळा ई८ वर.

लढतीची पार्श्वभूमी थोडक्यात. स्पास्की १९६९ पासून विश्वविजेता होता. या लढतीआधी फिशर त्याच्याविरुद्ध एकही डाव जिंकलेला नव्हता. पहिला डाव फिशर हरला, दुसऱ्या डावाला तो खेळायलाच आला नाही, त्यामुळे तोही गेला. २-० असा मागे पडलेला हा माणूस तिसरा डाव जिंकला, चौथा बरोबरीत सुटला, पाचवा पुन्हा जिंकला. सहाव्याला बसले तेव्हा दोघांचे अडीच-अडीच गुण होते.

फिशर पांढऱ्याकडून जवळजवळ नेहमी ई४ ने सुरुवात करायचा, आणि हे सगळ्या जगाला माहीत होतं. या डावात त्याने सी४ खेळला. थोड्याच चालींत वजिराच्या बाजूची एक जुनी, शांत सुरुवात पटावर आली, जिला टार्टाकोव्हर पद्धत म्हणतात. ती स्पास्कीच्या खास भरवशाची होती. म्हणजे फिशर आपली वाट सोडून प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात गेला होता. दहाव्या चालीपर्यंत दोघांचा एकेक उंट आणि एकेक घोडा पटावरून उतरला. इथवर दोघांनाही तक्रारीला जागा नाही.

आता नीट बघा. बाराव्या चालीला फिशरने वजीर ए४ वर आणला, स्पास्कीने सी-पट्टीतलं प्यादं सी५ ला ढकललं. तेराव्या चालीला पांढरा वजीर ए३ वर सरकला. दिसायला अगदी साधी चाल, एकच घर मागे. पण ए३ पासून तिरकी रेघ ओढा: बी४, सी५, डी६, ई७. सी५ वर काळं प्यादं आहे आणि त्याच रेघेवर मागे ई७ वर काळा वजीर. प्यादं तिथून हललं की पांढरा वजीर थेट काळ्या वजिरावर. अशा मोहऱ्याला आपण जखडलेला म्हणतो. तो पटावर उभा असतो, पण त्याला चालता येत नाही, मारताही येत नाही.

पंधराव्या चालीला फिशरने डी४ वरच्या प्याद्याने ते सी५ चं प्यादं मारलं, स्पास्कीने बी६ च्या प्याद्याने परत मारून सी५ वर नवं प्यादं उभं केलं. आता काळ्याची दोन प्यादी सी५ आणि डी५ वर शेजारी शेजारी उभी राहिली. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत, म्हणजे बी आणि ई मध्ये, त्यांच्या सोबतीला काळं प्यादं उरलं नाही. या जोडीला लटकती प्यादी म्हणतात आणि त्यांच्याबद्दल जाणकारांत कायमचा वाद आहे. ती समोरची बी४, सी४, डी४, ई४ ही चार घरं रोखतात, त्यांच्यामागे मोहऱ्यांना फिरायला जागा मिळते, म्हणून ती ताकद. पण मागून आधार द्यायला प्यादं नाही, राखायची तर मोठी मोहरीच लागतात, म्हणून ते ओझंही. ताकद की ओझं, हे ठरतं एका गोष्टीवर: त्यांचा मालक त्यांना आपल्या मर्जीने पुढे नेऊ शकतो, की समोरचा त्यांना आपल्या सोयीच्या वेळी हलायला भाग पाडतो.

सगळा डाव या एका प्रश्नाभोवती फिरतो.

मधल्या काळात फिशरचा उंट बी५ वर जाऊन ई२ वर परत आला होता. मुलं म्हणतात, फुकट गेल्या की चाली. फुकट नाही. त्या फेरीत काळ्याचं ए७ चं प्यादं ए६ वर आलं, आणि ए८ वरचा हत्ती ए७ वर जाऊन अवघडून बसला. कारण ए६ चं प्यादंही पांढऱ्या वजिराच्याच पट्टीत होतं आणि त्याच्यामागे कोपऱ्यात हत्ती. त्या प्याद्याने उंट मारला असता तर हत्ती गेला असता. ए३ वरचा एकच वजीर एकाच वेळी दोन दिशांनी दोन प्यादी जखडून बसला होता.

अठराव्या चालीला फिशरचा घोडा एफ३ वरून डी४ वर उतरला, थेट काळ्या प्याद्याच्या तोंडात. सी५ चं प्यादं त्याला मारू शकायला हवं, पण मारत नाही, कारण ते जखडलेलं आहे. घोडा तिथून ई६ वरच्या उंटावर डोळा ठेवून आहे. स्पास्कीने वजीर एफ८ वर नेला. एकोणिसाव्या चालीला घोड्याने उंट मारला, काळ्याने एफ७ च्या प्याद्याने घोडा मारला. एक घोडा गेला, एक उंट गेला, गुण सारखेच. पण पटाचं रूप बदललं. आता फिशरकडे एक उंट, स्पास्कीकडे एक घोडा. फिशरचा उंट पांढऱ्या घरांवर चालणारा आणि त्याला अडवणारा काळ्याचा उंट आता नाही. शिवाय काळ्या राजापुढचं एफ७ चं प्यादं राजाला सोडून ई६ वर गेलं.

विसावी चाल, माझ्या मते डावातली सगळ्यात सुंदर: प्यादं ई४. फिशर विचारतोय, आता या लटकत्या प्याद्यांचं काय करणार? डी५ च्या प्याद्याने ई४ मारलं तर काळ्याची प्यादी मोडकळीस येतात. स्पास्कीने डी५ चं प्यादं डी४ वर ढकललं. वरवर पाहिलं तर छान दिसतं. प्यादं पुढे गेलं, मागून सी५ चा आधार मिळाला, लटकणं संपलं. पुढे बऱ्याच जाणकारांनी याच चालीवर बोट ठेवलं. त्याऐवजी सी४ ढकलायला हवं होतं किंवा घोडा एफ६ वर आणायला हवा होता, असं त्यांचं म्हणणं.

का, ते घरांच्या रंगावरून कळतं. सी५ आणि डी४ दोन्ही काळी घरं आहेत. प्यादी तिथे बसली की काळ्या घरांवर त्यांचा पहारा, पांढरी घरं मोकळी. डी५ वर असताना तेच प्यादं सी४ घर राखत होतं. ते पुढे गेलं आणि सी४ फिशरच्या उंटाला आयतं मिळालं. सी४ वरून तिरकं बघा: डी५, ई६, एफ७, जी८. वाटेत काळ्याचं ई६ चं एकटं प्यादं आणि टोकाला काळ्या राजाचं घर. प्यादं मागे येत नाही, म्हणून ही चूक दुरुस्तही होत नाही.

पुढच्या दोन चालींत फिशरने एफ४ आणि ई५ खेळून पांढऱ्या प्याद्यांची भिंत उभी केली. तेविसाव्या चालीला उंट सी४ वर आला. आता डी७ वरच्या काळ्या घोड्याकडे बघा आणि त्याची सगळी घरं हाताने मोजा. बी८ वर स्वतःचाच हत्ती. सी५ वर स्वतःचंच प्यादं. ई५ चं प्यादं मारलं तर एफ४ चं प्यादं घोडा खातं. एफ६ वर गेला तर ई५ चं प्यादं खातं. बी६ वर जाऊन उंटावर हल्ला करू म्हटलं, तर पांढरा वजीर बी३ वर येतो. मग घोडा जखडला, कारण त्याच्यामागे बी८ वर हत्ती आहे. त्याने उंट मारला तर तो हत्ती जातो. उरलं एकच घर, एफ८. पुढच्या चालीला फिशरने वजीर एच३ वर आणून ई६ च्या प्याद्यावर जोर लावला आणि घोडा खरोखरच एफ८ वर जाऊन बसला, प्यादं राखायला.

आपल्याकडे शेतीच्या वादांत हे चित्र नेहमी दिसतं. सात-बारावर जमीन आपल्या नावाची, पण जायची वाट दुसऱ्याच्या शेतातून. जमीन आहे आणि बैल न्यायला वाट नाही. स्पास्कीचं नेमकं तेच झालं. मोहरं त्याचं, त्याची किंमत तीन, पण वाट फिशरच्या हातात. म्हणून "गेलं काय" या प्रश्नाचं उत्तर असं: त्याची घरं गेली.

सव्विसाव्या चालीला फिशरने एफ५ ढकललं. अदलाबदल झाली आणि एफ-पट्टी उघडली. पांढऱ्याचा एक हत्ती एफ५ वर आला, दुसरा त्याच्यामागे एफ१ वर. काळ्याचा घोडा एच७ वर गेला. तिथून त्याला जी५ घर हवं होतं; तिसाव्या चालीला फिशरने एच४ खेळून तेही बंद केलं. एकतिसाव्या चालीला ई५ चं प्यादं ई६ वर गेलं. आता ते शेवटच्या रांगेपासून दोन घरांवर होतं आणि त्याला अडवायला काळ्याचं एकही प्यादं उरलं नव्हतं. बत्तिसाव्या चालीला पांढरा वजीर ई५ वर, पटाच्या मधोमध येऊन बसला.

इथून पुढच्या पाच चाली मी मुलांना आधी काळ्या बाजूने बघायला लावतो. स्पास्कीच्या चाली अशा: वजीर ई८. वजीर डी८. वजीर ई८. वजीर डी८. वजीर ई८. विश्वविजेत्याचा वजीर दोन घरांत येरझाऱ्या घालतोय, कारण दुसरं काही करण्यासारखं नाही. हत्ती ई-पट्टीतलं प्यादं अडवून बसलेले, घोडा एफ८ राखतोय, राजा कोपऱ्यात. आणि फिशर या काळात घाई करत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. त्याने आधी प्यादं ए४ वर नेऊन वजिराच्या बाजूला काळ्याला ए४ ढकलता येणार नाही याची सोय केली. मग मागचा हत्ती एफ२ वर, नंतर एफ३ वर आणला. मग उंट सी४ वरून डी३ वर वळवला. आपल्या गल्लीतल्या गणेशोत्सवाच्या स्पर्धांत मी नेमकं उलट बघतो. वरचढ डाव हातात आला की पोरगं लगेच हत्ती आत फेकतं आणि समोरच्याला सुटायला फट मिळते. जिथे समोरचा हलूच शकत नाही, तिथे एक चाल आणखी तयारी करायला काहीच खर्च येत नाही.

तयारी कशाची होती ते सदतिसाव्या चालीला दिसलं: वजीर ई४. आता डी३ वरचा उंट आणि ई४ वरचा वजीर एकाच तिरक्या रेघेवर, रोख एच७ कडे. मध्ये एफ५ वर फिशरचाच हत्ती आहे. हत्ती एफ८ वर शह देत उडाला की रेघ मोकळी होते. समजा काळ्या घोड्याने तो हत्ती मारला. दुसरा हत्ती एफ३ वरून येऊन एफ८ वरचा घोडा मारतो आणि पुन्हा शह देतो. काळा वजीर त्याला मारतो. मग पांढरा वजीर एच७ वर आणि मात. दोन्ही हत्ती दिले, पण राजा गेला. ही ओळ पटावर हाताने खेळून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्पास्कीला ती दिसत होती. त्याने घोडा एफ६ वर आणून वजिरावर हल्ला केला. वाट नसलेल्या घोड्याने शेवटी उडी मारली, पण जिथे मारली तिथे फिशरचा हत्ती वाटच बघत होता. अडतिसाव्या चालीला हत्तीने घोडा मारला, जी७ च्या प्याद्याने हत्ती मारला, दुसऱ्या हत्तीने ते प्यादं मारलं. एक हत्ती देऊन एक घोडा आणि एक प्यादं. हिशेबात फिशर मागे पडला तो इथे. पण काळ्या राजापुढची शेवटची भिंतही कोसळली. चाळिसाव्या चालीला उंट सी४ वर परत आला, राजा एच८ च्या कोपऱ्यात, आणि ४१ वी चाल वजीर एफ४.

स्पास्कीने का सोडलं तेही बघून घेऊ. धमकी आहे हत्ती एफ८ वर शहाची. वजिराने हत्ती मारला तर पांढरा वजीर एफ८ वर येऊन मारतो आणि पुन्हा शह. राजाला एकच घर, एच७. मग उंट सी४ वरून डी३ वर, आणि मात. काळ्याचे दोन्ही हत्ती त्या वेळी सी७ आणि ई७ वर धडधाकट उभे असतात, दहा गुणांचे, आणि त्यांच्यातल्या एकालाही मधे येता येत नाही.

डाव संपल्यावर सभागृहात टाळ्या सुरू झाल्या आणि त्या प्रेक्षकांबरोबर स्वतः स्पास्कीनेही टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे सांगलीला नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांत खेळून आलेले जुने लोक खेळाडूची पारख करताना हरल्यावरचं वागणं आधी बघतात. त्या कसोटीवर स्पास्की फार वर बसतो. गुण झाले फिशर साडेतीन, स्पास्की अडीच. फिशर लढतीत पहिल्यांदाच पुढे गेला. १ सप्टेंबरला लढत संपली तेव्हा आकडे होते साडेबारा विरुद्ध साडेआठ.

एक शंका राहते: मग ती टार्टाकोव्हर पद्धतच वाईट म्हणायची का? नाही. चौदाव्या चालीला, पांढरा उंट बी५ वर आला तेव्हा, स्पास्कीने ए६ खेळलं. त्याऐवजी ई७ वरचा वजीर बी७ वर नेता येतो. एका चालीत वजीर त्या तिरक्या रेघेतून बाहेर पडतो, सी५ चं प्यादं सुटतं आणि बी६ चं प्यादं वाटेतून हललं की बी५ वरच्या उंटावर वजिराचा डोळाही पडतो. पांढऱ्याने प्याद्याचा लोभ धरून सी५ मारत नेलं, तर काळ्याचा घोडा ए६ वर उडी मारून बाहेर येतो आणि प्याद्याच्या बदल्यात काळ्याची मोहरी वेगाने मोकळी होतात, पांढऱ्याचा राजा मात्र अजून मधेच अडकलेला. वजीर बी७ ही चाल पुढच्याच वर्षी, १९७३ ला, हिल्व्हरसमच्या स्पर्धेत यान टिमनविरुद्ध खेळली गेली आणि काळा जिंकला. खेळणारा होता येफिम गेलर, रेक्याविकला स्पास्कीचा सहायक म्हणून त्याच्या बाजूने बसलेला ग्रँडमास्टर.